गुरूच्या पोटांतील उष्णता

संध्याकाळीं शुक्र मावळल्यानंतर आकाशांत जो सर्वांत तेजस्वी तारा म्हणून डोळ्यांत भरतो, तो बहुधा तारा नसून गुरु हा ग्रह असतो. त्याचा प्रकाश शांत व स्थिर असतो; ताऱ्यांप्रमाणें तो लुकलुकत नाहीं. हा प्रकाश गुरूचा स्वतःचा नव्हे, सूर्याकडून उसना घेतलेला आहे, हें शाळेंत शिकलेलें प्रत्येकाला आठवत असेल. दिसणाऱ्या प्रकाशापुरतें तें अगदीं खरें आहे. परंतु डोळ्यांना न दिसणारे जे उष्णतेचे किरण, त्यांचा हिशेब मांडला म्हणजे असें आढळतें कीं, गुरु सूर्यापासून जेवढी उष्णता घेतो तिच्या दुपटीहून किंचित् अधिकच उष्णता अवकाशांत टाकतो. उसनवारीवर चालणाऱ्या घरांतून दुप्पट दानधर्म होऊं लागला, तर शेजारी जशी चौकशी करतील, तशीच चौकशी ज्योतिःशास्त्रज्ञांनीं गेलीं साठ वर्षें चालविली आहे. घरांत पुरलेलें धन आहे काय? असल्यास तें किती खोल आहे? आणि तें आलें कोठून?

या चौकशीला आरंभ करण्यापूर्वीं घरधन्याची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. गुरूचा विषुववृत्तावरील व्यास सुमारें १,४३,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या अकरापट आहे. त्याच्या पोटांत तेराशे पृथ्व्या मावतील. पण वजन मात्र ३१८ पृथ्व्यांएवढेंच. एकंदर घनता पाण्याच्या १.३३ पट भरते. शनीची गोष्ट तर याहून चमत्कारिक. त्याची घनता ०.६९, म्हणजे तो पाण्याहूनही हलका. दगड, माती व लोखंड यांचा ग्रह इतका हलका असूं शकत नाहीं. विश्वांत ज्या दोन द्रव्यांची सर्वांत रेलचेल आहे, त्या हायड्रोजन व हेलियम या वायूंचेच हे गोळे मुख्यत्वें बनलेले आहेत. गुरु स्वतःभोंवतीं ९ तास ५६ मिनिटांत एक फेरी करतो. या गरगर फिरण्यानें त्याचें पोट फुगलें असून ध्रुवाकडून मोजलेला व्यास विषुववृत्ताकडील व्यासापेक्षां नऊ हजार किलोमीटरांहून अधिक कमी भरतो. साध्या दुर्बिणींतूनही हा चपटेपणा नजरेस येतो.

गुरु उष्ण कीं थंड, हा वाद जुना आहे. १८७० च्या सुमारास रिचर्ड प्रॉक्टर या इंग्रज ग्रंथकारानें असें प्रतिपादन केलें कीं, गुरूवरील ढगांची एवढी उलथापालथ सूर्याच्या तेथें पोंचणाऱ्या क्षीण उष्णतेनें होणें शक्य नाहीं. गुरूच्या अंगांतच मोठी धग असली पाहिजे. त्या काळीं हें मत बरेंच लोकप्रिय झालें. पुढें १९२३-२४ मध्यें केंब्रिजचा नामांकित गणिती हॅरल्ड जेफ्रीज यानें त्याला जोराचा धक्का दिला. ग्रह जन्मून इतका काळ लोटला आहे कीं ते आतांपर्यंत निवून गेलेलेच असले पाहिजेत, असा त्याचा युक्तिवाद होता. त्याच दशकांत अमेरिकेंत फ्लॅगस्टाफ येथील लोवेल वेधशाळेच्या दुर्बिणीला उष्णता मोजण्याचें नाजूक उपकरण जोडून जीं मापें घेतलीं गेलीं, त्यांतही गुरूचें उष्णतामान शून्याच्या खालीं शंभर अंशांहूनही उतरलेलें आढळलें. झालें! प्रॉक्टरचा तापलेला गुरु पुस्तकांतून नाहींसा झाला, आणि दगडाचा गाभा, त्यावर बर्फाचें जाड कवच व वर हायड्रोजनची हवा, असें एका गोठलेल्या ग्रहाचें चित्र पुढील पिढीच्या हातीं आलें.

जेफ्रीजवर येथें अन्याय होऊं नये. हायड्रोजन हें ताऱ्यांतील मुख्य द्रव्य आहे, हें सिसिलिया पेन या विदुषीनें दाखविलें तें १९२५ मध्यें, आणि विद्वानांना तें पटावयास आणखी कांहीं वर्षें लागलीं. ज्या मालाचा ग्रह बनलेला आहे तो मालच ज्या काळांत ठाऊक नव्हता, त्या काळांत त्याच्या निवण्याचें गणित बरोबर यावें अशी अपेक्षा करणें व्यर्थ होय. शिवाय दुर्बिणीनें मोजलेलें उष्णतामान खोटें नव्हतें. गुरूच्या ढगांचे माथे खरोखरच अतिशय थंड आहेत. प्रश्न एवढाच होता कीं, सूर्यापासून इतक्या दूर असलेल्या ग्रहानें जेवढें थंड असावयास पाहिजे, तेवढा तो थंड आहे काय?

या प्रश्नाचें उत्तर देणें सोपें नव्हतें. गुरूपासून निघणारे उष्णतेचे बरेचसे किरण आपल्या हवेंतील बाष्पच गिळून टाकतें. १९६६ मध्यें अमेरिकेंतील अरिझोना विद्यापीठाच्या फ्रँक लो यानें जमिनीवरून घेतलेल्या मापांत गुरु अपेक्षेहून अधिक उष्णता टाकीत असल्याचें प्रथम दिसलें. मग १९६९ मध्यें लो व त्याचे सहकारी यांनीं एका लहान जेट विमानांत दुर्बीण चढविली, बहुतेक बाष्पाच्या वर नेली, आणि गुरु व शनि यांचीं मापें घेतलीं. शंका राहिली नाहीं. १९७३ च्या डिसेंबरांत पायोनियर १० हें यान गुरूजवळून गेलें, व त्यावरील उपकरणांनींही तोच निर्वाळा दिला.

आतां जमाखर्च मांडूं. सूर्याची उष्णता गुरूवर पृथ्वीच्या मानानें सत्ताविसावा हिस्साच पोंचते. आणि तींतलीही निम्मी ढगांवरून परावृत्त होऊन जाते. उरते ती ग्रहाच्या सर्व पृष्ठावर वांटून दिली, तर दर चौरस मीटरला सरासरी सुमारें साडेसहा वॉट पडतात. ही जमेची बाजू. खर्चाच्या बाजूला सुमारें चौदा वॉट आहेत. मधली साडेसात वॉटांची तूट ग्रहाच्या पोटांतून भरून निघते. २००० सालच्या अखेरीस कॅसिनी यान शनीकडे जातांना गुरूजवळून गेलें. त्यानें घेतलेल्या मापांचा फेरविचार होऊन २०१८ मध्यें हे आंकडे ठरले. तत्पूर्वीं ही तूट याहून कमी, साडेपांच वॉटांच्या आसपास, समजली जात होती. साडेसात वॉट म्हणजे रात्रीं जिन्यांत लावून ठेवण्याच्या लहान दिव्याएवढी शक्ति. ऐकतांना ती क्षुल्लक वाटते. परंतु पृथ्वीच्या पोटांतून एवढ्याच जागेंतून जी उष्णता वर येते, ती एका वॉटाचा दहावा हिस्साही भरत नाहीं. या पोटच्या उष्णतेमुळेंच गुरूचे ढग निव्वळ सूर्यावर अवलंबून असते तर जेवढे थंड असते, त्याहून वीसएक अंशांनीं उबदार आहेत. म्हणजे शून्याखालीं १७० च्या ठिकाणीं शून्याखालीं १४८ अंश सेंटिग्रेड. उबदार हा शब्द अर्थातच तेथील मानानें घ्यावयाचा.

ही उष्णता येते कोठून? सूर्याच्या पोटांत हायड्रोजनचें हेलियम होऊन शक्ति निर्माण होते. तसें गुरूंत होत नाहीं. त्यासाठीं गुरूच्या वजनाच्या निदान पंचाहत्तरपट वजन लागतें. गुरूला 'होतां होतां राहिलेला सूर्य' म्हणण्याची जी लकब लोकप्रिय लेखकांत आहे, ती या दृष्टीनें फारच उदार म्हटली पाहिजे. पृथ्वीच्या पोटांतील उष्णतेचा मोठा वांटा युरेनियम, थोरियम यांसारख्या किरणोत्सर्गी द्रव्यांचा असतो. पण गुरूंत दगडाचा अंश इतका थोडा आहे कीं त्यानें हा खर्च भागणार नाहीं. उरतें तें एकच भांडवल, जन्माच्या वेळचें. सुमारें साडेचार अब्ज वर्षांपूर्वीं जे वायु व धूळ एकत्र येऊन गुरु बनला, तें सर्व द्रव्य दुरून त्याच्या आकर्षणानें ओढलें जाऊन आंत पडलें. पडणाऱ्या वस्तूचा वेग थांबला कीं त्याची उष्णता होते. आजही दुरून गुरूवर येऊन आदळणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला साठ किलोमीटर होतो. १९९४ च्या जुलैंत शूमेकर-लेव्ही या धूमकेतूचे तुकडे गुरूवर पडले, तेव्हां त्या आघातांनीं उठलेले अग्निगोल व मागें राहिलेले पृथ्वीएवढे काळे डाग साऱ्या जगानें दुर्बिणींतून पाहिले. संपूर्ण ग्रहच अशा पडण्यानें जमला असेल, तर त्या वेळची धग केवढी असेल!

ती धग अजून टिकली आहे, कारण ग्रह मोठा आहे. पेल्यांतील चहा बोलतां बोलतां निवतो, पण न्हाणीघरांतील तापलेला हंडा तासभर हात लावूं देत नाहीं. उष्णता सांठते ती सर्व पोटांत व जाते ती फक्त पृष्ठावरून. वस्तु जितकी मोठी तितकें पोटाच्या मानानें पृष्ठ लहान. त्यांत गुरूची हवा म्हणजे निखाऱ्यावर जमलेली राख. आंतील उष्णता ती एकदम बाहेर जाऊं देत नाहीं. शिवाय ग्रह निवतो तसा किंचित् आकसतो, आणि आकसतांना आंतील द्रव्य दाबलें जाऊन पुन्हां थोडी उष्णता निर्माण होते. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें खालचें टोंक हाताला चटका देतें, त्यांतलाच हा प्रकार.

पंपाचा हाच नियम गुरूच्या ढगांतून खालीं उतरणाऱ्या प्रवाशाला पावलोपावलीं अनुभवास येईल. पृथ्वीवर समुद्रकांठीं हवेचा जेवढा दाब असतो, त्याला एक वातावरण म्हणतात. तेवढा दाब गुरूवर जेथें आढळतो, तेथें उष्णतामान शून्याखालीं १०८ अंश आहे. तेथून खालीं दाब वाढतो तसें उष्णतामानही चढत जातें. वरचे पांढरे ढग गोठलेल्या अमोनियाचे असतात. पांचसहा वातावरणांच्या दाबाशीं पाण्याचे ढग असावेत, व तेथें उष्णतामान आपल्याकडील बर्फाइतकें येतें. हें सारें तर्कानें ठरविलेलें होतें. प्रत्यक्ष उतरून पाहण्याचा योग ७ डिसेंबर १९९५ रोजीं आला. गॅलिलिओ यानानें पांच महिने आधीं सोडून दिलेली, ३३९ किलोग्रॅम वजनाची उपकरणांची पेटी त्या दिवशीं सेकंदाला ४७ किलोमीटर वेगानें गुरूच्या हवेंत शिरली. घर्षणानें तिच्या पुढील ढालीचा मोठा भाग जळून गेला. मग छत्री उघडली, ढाल गळून पडली, आणि पेटी हळूहळू खालीं उतरत आपलीं मापें वर फिरणाऱ्या यानाला कळवूं लागली. सुमारें एक तास तिचा आवाज येत होता. शेवटचीं मापें आलीं तेव्हां दाब २२ वातावरणें व उष्णतामान १५३ अंश झालें होतें. त्यानंतर ती मुकी झाली. तिचें पुढें काय झालें हें सांगावयास कोणी साक्षीदार नको. आधीं छत्री, मग ॲल्युमिनियम, शेवटीं टायटेनियमसारखी चिवट धातूही वितळून व विरून ती गुरूचाच एक अंश झाली. मात्र एवढा खटाटोप करून पेटी उतरली ती केवळ दीडशे किलोमीटर. गुरूच्या केंद्रापर्यंतचें अंतर सत्तर हजार किलोमीटर आहे.

त्यापुढील प्रवास गणिताच्या व प्रयोगशाळेच्या आधारानेंच करावा लागतो. पहिली गोष्ट ही कीं, वाटेंत कोठेंही जमीन लागत नाहीं. एवढेंच नव्हे, तर समुद्राचा पृष्ठभागही लागत नाहीं. पातेल्यांतील पाणी व त्यावरील वाफ यांमध्यें स्पष्ट सीमा असते. परंतु विवक्षित दाब व उष्णतामान यांच्यापलीकडे द्रव व वायु हा भेदच मावळतो, आणि हायड्रोजनला ती मर्यादा फार लवकर गांठतां येते. त्यामुळें गुरूची हवा खालीं खालीं दाट होत जाते, दाट होतां होतां द्रवासारखी होते; पण 'येथें हवा संपली व येथें द्रव सुरू झाला' असें बोट ठेवतां येत नाहीं.

दहावीस लाख वातावरणांच्या दाबाखालीं मात्र हायड्रोजनच्या स्वभावांतच पालट होतो. एरवीं त्याच्या प्रत्येक अणूचा एकुलता इलेक्ट्रॉन त्याच्याशीं बांधलेला असतो. येथें अणु एकमेकांना इतके खेटतात कीं इलेक्ट्रॉन कोणा एकाचे राहत नाहींत. ते तांब्याच्या तारेंतल्याप्रमाणें मोकळे फिरूं लागतात. म्हणजे हायड्रोजन हा धातु बनतो, आणि तोही पाऱ्यासारखा पातळ. १९३५ मध्यें विग्नर व हंटिंग्टन या दोघांनीं हें भाकीत केलें होतें. १९९६ मध्यें कॅलिफोर्नियांतील लिव्हरमोर येथील प्रयोगशाळेंत तोफेसारख्या यंत्रानें द्रव हायड्रोजनवर आघात करून १४ लक्ष वातावरणांच्या दाबाशीं तो क्षणभर धातूप्रमाणें वीज वाहतो, हें प्रत्यक्ष दिसलें. गुरूंत ही अवस्था येते तेथें उष्णतामान पांचसहा हजार अंश, म्हणजे सूर्याच्या पृष्ठाएवढें, असावें. तरी तेथवर केंद्राच्या वाटेचा पांचवा हिस्साच जेमतेम सरलेला असतो!

या धातुरूप द्रवाची उष्णतेनें सतत घुसळण चालू असते. चुलीवरील पेज जशी खालून वर खदखदते तशी. वीज वाहून नेणारें द्रव्य असें फिरूं लागलें म्हणजे त्यापासून चुंबकत्व उत्पन्न होतें, आणि गुरूचें चुंबकीय क्षेत्र सर्व ग्रहांत प्रबळ आहे. रेडिओशीं परिचय असणारांना त्याचा एक पुरावा विशेष मौजेचा वाटेल. १९५५ मध्यें वॉशिंग्टनजवळ बर्नार्ड बर्क व केनेथ फ्रँकलिन हे दुसऱ्याच एका वस्तूचे वेध घेत असतां त्यांच्या यंत्रांत राहून राहून खरखर येऊं लागली. प्रथम ती जवळपासच्या एखाद्या मोटारीची असावी असें वाटलें. परंतु खरखरीची वेळ रोज तारकांबरोबर चार चार मिनिटांनीं अलीकडे सरकूं लागली, तेव्हां ती आकाशांतील, आणि तीही गुरूची, असल्याचें ध्यानांत आलें. चांगली आकाशतार व लघुलहरींचा ग्राहक असेल, तर वीस मेगाहर्ट्झच्या आसपास ही खरखर आजही घरबसल्या ऐकूं येते. जी खरखर कोणत्याही केंद्राची नव्हे, तिचा उगम असा गुरूच्या पोटांत सांपडतो.

केंद्राशीं काय आहे? दाब सुमारें चार कोटी वातावरणें व उष्णतामान वीस हजार अंशांच्या आसपास, असे आंकडे सामान्यतः दिले जातात. शालेय पुस्तकांत गुरूचा छेद कांद्याच्या चकतीसारखा काढलेला असतो. मधोमध दगडाचा काळा गोळा, त्याभोंवतीं धातुरूप हायड्रोजनचा एक रंग, बाहेर साध्या हायड्रोजनचा दुसरा. चित्र पाठ करावयास सोयीचें आहे. गुरूला तें मान्य नाहीं, असें आतां म्हणणें भाग आहे.

जुनो हें यान २०१६ च्या जुलैंत गुरूभोंवतीं फिरूं लागलें. त्याची कक्षा अशी ठेवलेली होती कीं, तें दर फेरींत ढगांच्या माथ्यांवरून चारपांच हजार किलोमीटरांवरून झपाट्यानें निघून जावें. पोटांतील द्रव्य जेथें अधिक दाट असेल, तेथील ओढीनें यानाचा वेग सूक्ष्म प्रमाणांत बदलतो. स्टेशनांतून जाणाऱ्या आगगाडीच्या शिट्टीचा सूर जसा ती दूर जातांना उतरतो, तसा यानाच्या रेडिओचा सूरही बदलतो. आणि त्यावरून सेकंदाला मिलिमीटरच्या शतांशाएवढा वेगांतील फरकही पृथ्वीवर बसून मोजतां आला. सन २०१७ पासून प्रसिद्ध झालेल्या या मापांवरून दिसतें कीं, जड द्रव्याचा गाभा मधोमध आटोपशीर बसलेला नसून केंद्रापासून जवळजवळ अर्ध्या वाटेपर्यंत हायड्रोजनमध्यें विरघळून पसरलेला आहे. त्याला कांठ नाहीं. साखरेचा खडा पाण्यांत टाकून न ढवळतां ठेवला, तर तळाशीं दाट गोड व वर फिकें होत जाणारें जें पाणी तयार होतें, त्याशीं याची तुलना करतां येईल. दहा पृथ्व्यांएवढ्या एखाद्या ग्रहगर्भानें गुरूच्या बालपणीं त्याला समोरासमोर धडक देऊन मूळ गाभा विस्कटून टाकला असावा, असा एक तर्क २०१९ मध्यें पुढें आला. मात्र नंतरच्या गणितांनीं त्यावर शंका घेतली आहे. जन्मतांच हायड्रोजनबरोबर थोडें थोडें जड द्रव्य मिसळत गेलें असावें, ही समजूत आतां अधिक बळावत आहे.

या शोधाचा उष्णतेच्या हिशेबाशीं निकटचा संबंध आहे. खालीं जड व वर हलकें, असें द्रव्य पायरीपायरीनें रचलेलें असलें कीं तें सहजासहजीं उलटत नाहीं; पेज खदखदत नाहीं. मग तळाची उष्णता वर येण्यास अडथळा होतो, व केंद्र आपल्या कल्पनेहून कितीतरी अधिक तापलेलें राहूं शकतें. वीस हजारांचा आंकडा सर्व पोट नीट घुसळलें जात आहे या गृहीतावर उभा आहे, आणि तें गृहीतच आतां डळमळीत झालें आहे.

तरीही गुरूचा ढोबळ हिशेब जुळतो. जन्मतः तापलेला गोळा साडेचार अब्ज वर्षें निवत राहिला तर आज किती उष्णता टाकील, हें गणित मांडलें तर उत्तर खऱ्या मापाच्या जवळ येतें. शनीचें तसें नाहीं. शनि सूर्यापासून मिळणाऱ्या उष्णतेच्या पावणेदोनपटीहून अधिक उष्णता टाकतो. पण तो गुरूच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही हलका, त्यामुळें त्यानें लवकर निवावयास हवें. साध्या गणितानें त्याची आजची अवस्था जन्मानंतर दोन-अडीच अब्ज वर्षांतच यावयास पाहिजे होती. शनि आपल्या भावंडांहून निम्म्या वयाचा आहे, असें तर म्हणतां येत नाहीं. तेव्हां त्याच्या घरांत दुसरें कांहींतरी भांडवल असलेंच पाहिजे.

तें भांडवल बहुधा हेलियमचें आहे. या वायूच्या शोधाचा धागा आपल्या देशाशीं जोडलेला आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोंकणच्या किनाऱ्यावरून थेट पूर्व किनाऱ्यापर्यंत गेली. गुंटूरला फ्रेंच ज्योतिषी जान्सेन, जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल, असे अनेक जण वर्णपटदर्शक लावून बसले होते, आणि सूर्याच्या ज्वालांच्या प्रकाशांत एक पिवळी रेघ दिसली. तशीच रेघ त्याच वर्षीं ऑक्टोबरांत इंग्लंडांत नॉर्मन लॉकियर यानेंही पाहिली व ती पृथ्वीवर अज्ञात असलेल्या द्रव्याची आहे असें ठरविलें. विजयदुर्गाच्या किल्ल्यांत बसून लॉकियरनें हेलियम शोधलें, अशी जी कथा कोंकणांत अभिमानानें सांगतात, ती मात्र खरी नव्हे. त्या वेळीं तो आपल्या देशांतच होता. सूर्याच्या ग्रीक नांवावरून नामकरण झालेलें हें द्रव्य पृथ्वीवर सांपडावयास १८९५ साल उजाडलें.

शनीच्या पोटांत या हेलियमचें काय होतें, तें पाकाच्या उदाहरणानें समजेल. पाक गरम असतां त्यांत पुष्कळ साखर मावते; निवूं लागला कीं न मावणारी साखर खडे होऊन तळाशीं बसते. धातुरूप हायड्रोजनमध्यें हेलियम असेंच विरघळलेलें असतें. ग्रह पुरेसा निवला म्हणजे तें वेगळें होऊन त्याचे थेंब बनतात, आणि जड असल्यामुळें ते खालीं पडूं लागतात. अक्षरशः हेलियमचा पाऊस पडतो! पडणाऱ्या थेंबांची शक्ति पुन्हां उष्णता होते, व ग्रहाचें निवणें लांबतें. डेव्हिड स्टीव्हन्सन व एडविन सॅल्पीटर यांनीं १९७७ मध्यें या कल्पनेचें सविस्तर गणित मांडलें. शनि लहान, म्हणून तो आधीं निवला व तेथें हा पाऊस कधींच सुरू झाला. गुरूवर तो नुकता, आणि तोही थोडाच, सुरू झाला असावा.

याला पुरावा काय, असें कोणीही विचारील. तो त्याच बुडालेल्या गॅलिलिओच्या पेटीनें दिला. ज्या द्रव्यापासून सूर्य व ग्रह बनले, त्यांत वजनानें शेंकडा सुमारें २७ भाग हेलियम होतें. गुरूच्या हवेंत पेटीला २३ ते २४ भागच आढळलें. शिवाय निऑन हा वायु अपेक्षेच्या दशांशच निघाला. निऑन जाणार कोठें? हेलियमच्या थेंबांत निऑन चांगला विरघळतो, असें नंतरच्या गणितांवरून दिसून आलें. म्हणजे पावसाबरोबर तोही धुऊन खालीं गेला. चोरीचा माल सांपडला नाहीं, पण चोराबरोबर कोण पळालें तें कळलें, असाच हा प्रकार होय. पुढें २०२१ मध्यें अमेरिकेंतील रोचेस्टर येथील लेसर यंत्रानें हायड्रोजन व हेलियम यांचें मिश्रण गुरूच्या पोटांतल्यासारख्या दाबाखालीं दडपून पाहण्यांत आलें, आणि तें खरोखर फुटून वेगळें होतें असें दिसलें.

शनीचें अंतरंग पाहण्याची एक अजब सोय निसर्गानेंच करून ठेविली आहे. शनीचें पोट घंटेप्रमाणें किंचित् थरथरत असतें, व त्या थरथरीनें त्याच्या आकर्षणांत होणारे फरक सभोंवतींच्या कड्यांत लाटा उठवितात. कॅसिनी यानानें टिपलेल्या या लाटांवरून २०२१ मध्यें कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मॅन्कोविच व फुलर यांनीं दाखविलें कीं, शनीचाही गाभा पसरलेला असून तो त्रिज्येच्या शेंकडा साठ भागांपर्यंत पोंचतो.

युरेनस व नेपच्यून यांत हायड्रोजन थोडा आणि पाणी, अमोनिया, मिथेन यांसारखीं द्रव्यें अधिक, म्हणून त्यांना या दोघांच्या पंक्तीला बसवितांना आतां संकोच केला जातो. उष्णतेच्या बाबतींत त्यांचें कोडें मात्र सर्वांत अवघड आहे. नेपच्यून हा युरेनसपेक्षां सूर्यापासून दीडपटीहून अधिक दूर. तरी दोघांचें उष्णतामान सारखेंच, शून्याखालीं सुमारें २१४ अंश. कारण नेपच्यून सूर्याच्या उष्णतेच्या अडीचपटीहून अधिक उष्णता टाकतो, आणि युरेनस जवळजवळ जेवढें घेतो तेवढेंच परत करतो. १९८६ च्या जानेवारींत व्हॉयेजर २ त्याच्याजवळून गेलें तेव्हां त्याच्या पोटांतून कांहींच येत नाहीं, असें वाटावें इतकी अल्प बाकी निघाली. २०२५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या नव्या हिशेबांप्रमाणें ही बाकी शेंकडा बारा ते पंधरा आहे. शून्य नव्हे, पण जुळ्या भावाच्या मानानें अगदींच दरिद्री. युरेनस आपल्या कक्षेवर जवळजवळ आडवा पडून फिरतो; ज्या आघातानें तो आडवा झाला असेल, त्यानेंच त्याची उष्णता एकदम उधळून दिली काय? कीं ती अजून आंतच असून मधल्या थरांनीं कोंडून धरली आहे? पहिल्या पक्षीं युरेनस खरोखर निवलेला, दुसऱ्या पक्षीं तो चौघांत सर्वांत अधिक धग राखून बसलेला ठरेल. आणि बाहेरून पाहतां दोन्ही सारखेच दिसतील. १९८६ नंतर एकही यान तेथें गेलेलें नाहीं. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनीं २०२२ मध्यें पुढील दशकासाठीं जो कार्यक्रम सुचविला, त्यांत मोठ्या यानांपैकीं पहिला मान युरेनसला दिला आहे, आणि त्या यानाबरोबर, गॅलिलिओप्रमाणेंच, ग्रहाच्या हवेंत सोडून द्यावयाची एक पेटीही असावी असें म्हटलें आहे.